मौजे मुरबे : खाडी आणि कचेरी

मुंबईहून उत्तरेस जाणारी आगगाडी वैतरणेचे पात्र ओलांडून, सफाळे, केळवे आणि पालघर ही स्थानके मागे टाकून उमरोळीच्या दिशेने धावू लागली म्हणजे पूर्वेच्या खिडकीतून सह्याद्रीचे सुटे डोंगर दिसू लागतात आणि पश्चिमेच्या खिडकीतून भातखाचरांचा एक सपाट, सौम्य पट्टा. त्या पट्ट्याच्या पलीकडे खाजणे, खाजणांच्या पलीकडे वाड्या, वाड्यांच्या पलीकडे सुरूच्या झाडांची रांग आणि तिच्याही पलीकडे अरबी समुद्र, अशी ही उत्तर कोकणातील भूमीची उतरंड आहे. या उतरंडीच्या अगदी शेवटच्या पायरीवर, जेथे एक खाडी भूमीत शिरली आहे, तेथे खाडीच्या उत्तर काठी मुरबे आणि दक्षिण काठी सातपाटी अशी दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. खाडीवाटे एका गावाहून दुसऱ्या गावाला जावयास फार वेळ लागत नाही. परंतु सडकेने जावयाचे झाल्यास खाडीला वळसा घालून, खाऱ्या जमिनींच्या कडेकडेने रेल्वेमार्गापर्यंत पूर्वेस येऊन पुन्हा पश्चिमेस जावे लागते. या एका गोष्टीतच या प्रदेशाचे सारे भूगोलशास्त्र साठविलेले आहे. येथे पाणी जोडते आणि जमीन अंतर पाडते.

समुद्रावरून परतणारा तांडेल आपले गाव ओळखतो तो डोंगरांच्या खुणांवरून. काळदुर्ग कोणत्या बाजूस सरकला, अशेरीचे शिखर कोणत्या डोंगराआड गेले, उत्तरेकडचा महालक्ष्मीचा सुळका किती उघडा पडला, हे पाहून तो खाडीचे मुख नेमके गाठतो. राज्यकर्त्यांची दृष्टी नेहमीच याच्या उलट दिशेची होती. ते भूमीवरून समुद्राकडे पाहत, आणि त्यांना त्या किनाऱ्यावर कधी तोफ ठेवण्याजोगा बुरूज दिसे, कधी जकातीचे नाके, कधी सांडपाणी सोडण्याची जागा, तर कधी मालवाहू जहाजांचा धक्का. मुरबे गावाचा इतिहास लिहावयाचा तर तो या दोन दृष्टींच्या परस्परसंबंधाचा इतिहास म्हणून लिहावा लागतो; कारण या गावाने कोणते राज्य स्थापिले नाही, त्याच्या नावाचा किल्ला नाही, आणि तरीही या किनाऱ्यावरील प्रत्येक सत्तेच्या निर्णयाचा भार त्याने उचलला आहे.

या भागाचा सर्वांत बोलका प्राचीन पुरावा मुरब्याच्या उत्तरेस, तारापूरच्या खाडीपलीकडे असलेल्या चिंचणी या गावी सापडला. तेथील ताम्रपटांपैकी एक शके 848 म्हणजे इसवी सन 926 मधील असून तो राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील आहे. त्यात संयान, म्हणजे आजचे संजाण, या मंडलाचा कारभार मधुमती सुगतिप नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे असल्याचा उल्लेख येतो. आपल्या स्वामीसाठी त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तेथे स्वतःचे अधिकारी नेमले, असे हा लेख सांगतो. आणि त्याच दमात, त्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य तरी, म्हणजे पार नेणाऱ्या नावा, सुरू केल्या आणि भात, कालवणे व तूप देणारे एक अन्नसत्र उघडले, असेही नोंदवितो. बंदरे जिंकणे आणि तर चालविणे ही दोन कृत्ये एका शासकाच्या नावावर शेजारी शेजारी नोंदलेली पाहून मौज वाटते. पहिल्याने तिजोरी भरते व दुसऱ्याने रयत सुखी होते, हे त्या दूरदेशीच्या मुसलमान अंमलदारास दहाव्या शतकात उमगले होते. पुढील हजार वर्षांत या किनाऱ्यावर आलेल्या पुष्कळ धन्यांना यांपैकी पहिलेच कृत्य तेवढे स्मरले.

राष्ट्रकूटांमागून शिलाहार आले, शिलाहारांमागून यादवांचा अंमल पोहोचला, आणि त्यानंतर गुजरातच्या सुलतानांचे ठाणेदार. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1924 मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणातील वसाहतींच्या, कुळांच्या आणि वृत्तींच्या ज्या कथा आहेत, त्यांतील ऐतिह्य आणि दंतकथा निराळ्या करणे हे पंडितांचे काम, परंतु किनाऱ्यावरील जातिसमूह आपल्या मूळपुरुषांचा शोध आजही तिच्यात घेतात.

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांस तहाने लिहून दिला आणि 1559 मध्ये दमण पडले. तेव्हापासून वसई ते दमण हा सबंध किनारा फिरंग्यांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडू लागला. त्यांनी या मुलुखाची जी व्यवस्था लाविली ती किल्ल्यांच्या भाषेतच वाचावी लागते. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी गढ्या-कोटांची माळ त्यांनी किनाऱ्यालगत ओवली. शिरगावचा कोट दक्षिणेस, तारापूरचा उत्तरेस, आणि मधल्या खाडीच्या मुखावर मुरबे. समुद्रावरील सत्ता त्यांनी ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने गाजविली. तो जवळ न बाळगता दर्यात व्यापारास निघालेले गलबत जप्तीस पात्र ठरे. ज्या पाण्यावर आजवर कोणाचीच मालकी नव्हती, त्या पाण्याचा कागद असू शकतो, ही कल्पना या किनाऱ्याने प्रथम या अंमलात अनुभवली.

फिरंग्यांच्या या माळेवर मराठ्यांचा आघात 1683 मध्येच झाला होता. त्या वर्षी छत्रपती संभाजीराजांच्या फौजांनी तारापूरच्या आसमंतात धुमाकूळ घातला. परंतु माळ तुटली ती चिमाजीअप्पांच्या मोहिमेत. 1737 च्या वसंतात साष्टी हाती आली. माहीमवरचा पहिला वेढा मात्र फसला, आणि खाडीच्या आश्रयाने समुद्रमार्गे कुमक मिळविणाऱ्या कोटाला केवळ जमिनीवरून वेढून भागत नाही, हा धडा मराठ्यांस मिळाला. 1739 च्या जानेवारीत अप्पा स्वतः फौजेसह उतरले, आणि माहीम, केळवे, शिरगाव व तारापूर ही ठाणी त्या एका महिन्यात लागोपाठ पडली. तारापूरच्या रणात बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवलग सरदार कामास आला. किनाऱ्याची ही फळी मोडल्यावर वसई एकाकी पडली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिनेही निशाण उतरविले. मराठी कागदपत्रांतून ‘फिरंगाण’ या नावाने वावरणारा हा प्रांत आता वसईच्या सरसुभ्याखाली आला. ज्या दिवसांत तारापूरच्या तटाखाली सुरुंग पेरले जात होते, त्या दिवसांत तेथून काही कोसांवर असलेल्या मुरबे गावची होडी दर्यात गेली की नाही, हे कोणत्याही बखरकाराने लिहिले नाही. लढाया लिहिणारे लोक सहसा जाळी मोजीत नाहीत.

पेशवाईतील तर्फा, महाल आणि परगणे यांची जी वाटणी या मुलुखात रूढ झाली, तिचे अवशेष आजही सरकारी दप्तरात शिल्लक आहेत. मुरब्याच्या शेजारच्या नांदगावाची नोंद महसुलात ‘नांदगाव तर्फे तारापूर’ अशी होते. तारापूरचा ठाणेदार गेला, तर्फ मोडली, परंतु तलाठ्याच्या लेखणीतून ती अद्याप उतरते. 1802 च्या 31 डिसेंबर रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईसच इंग्रजांशी तह केला आणि 1818 मध्ये राज्य बुडाले; या उलथापालथीत हा किनारा फारसा आवाज न होता इंग्रजांकडे गेला, आणि पुढे मुरबे ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यातील एक मौजे झाले.

इंग्रजी अमदानीने या गावावर दोन दूरगामी परिणाम घडविले. पहिला रेल्वेचा. 1864 मध्ये मुंबई आणि सुरत लोहमार्गाने जोडली गेली आणि तोवर केवळ गलबताने मुंबईस जाणारा माल, लाकूड, भात, सुकी मासळी, हळूहळू पालघर आणि बोईसर या स्थानकांकडे वळला. माहीमसारख्या जुन्या कसब्यांचे महत्त्व ओसरले आणि पुढे तालुक्याचे ठाणेही पालघरास आले. गावाचे तोंड समुद्राकडे होते ते अशा रीतीने थोडेसे पूर्वेकडे वळले. दुसरा परिणाम कायद्याचा. 1878 या एकाच वर्षी वनांचा आणि अबकारीचा असे दोन कायदे आले. वनकायद्याने डोंगरातील वारली-कातकऱ्यांच्या कुऱ्हाडीवर बंधन घातले आणि अबकारीने भंडाऱ्याच्या माडा-ताडावर कर बसविला. समुद्रात रोवावयाचे खुंट ज्या रानातून येत त्या रानावर आता सरकारची मोहर होती. डोंगर आणि दर्या यांचा जो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या परस्पर चालत आला होता, त्याच्या मध्ये कचेरी येऊन बसली.

ज्या कामासाठी हे खुंट लागत, ते काम आता जवळून पाहू. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची चढउतार फार मोठी, उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटरपर्यंतची. या ओढीवरच डोलीची मासेमारी उभी आहे. डोल हे नरसाळ्यासारखे, तोंडाशी रुंद व शेवटी निमुळते होत गेलेले जाळे. समुद्रतळात रोवलेल्या दोन खुंटांच्या मध्ये त्याचे तोंड प्रवाहासमोर उघडे धरून बांधतात, आणि मग मासळीचा पाठलाग करण्याची गरज उरत नाही, कारण पाणीच ती आत लोटते. प्रवाह फिरण्याच्या संधीस, पाणी क्षणभर स्थिरावते तेव्हा, जाळ्याचा शेवटचा भाग, म्हणजे खोला, वर ओढून त्याची गाठ सोडतात, आणि बोंबील, मांदेली, करंदी, जवळा होडीत ओततात. ही संधी रोज पुढे सरकते, म्हणून कोळ्याचा दिवस सूर्यावर चालत नाही. तो चंद्रावर चालतो, आणि उधाण व भांग यांचे गणित ज्याला तोंडपाठ नाही त्याला येथे तांडेल कोणी म्हणत नाही.

होडी किनाऱ्यास लागली की पुरुषांचे काम संपते आणि स्त्रियांचे सुरू होते. बोंबील हा मासा इतका पाणीदार की तो काही तासांत सुकावयास टांगला नाही तर वाया जावयाचा. बांबूच्या आडव्या काठ्यांची जी वलांडी उभारलेली असते, तिच्यावर दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोडी काठीच्या दोन्ही बाजूंस लोंबत ठेवून त्या ते टांगतात. हातांचा वेग असा असतो की पाहणाराला जबडे अडकलेले कळत नाहीत, फक्त रांग लांबत गेलेली दिसते. पुढे ही सुकी मासळी टोपलीतून पालघर, बोईसरच्या बाजारी आणि आगगाडीने त्याहून दूर जाते, आणि घराचा हिशेब बहुधा बाईच्याच हाती राहतो. या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाची स्वतःची बोली आहे, स्वतःचे जातपंच व परिषद आहे, आणि वाडीत राबणाऱ्या वाडवळ समाजाशी त्याचे शेजार पिढ्यांचे आहे. खाडीच्या पुढ्यात नौका आणि पाठीशी वाड्या, या दोन वृत्तींच्या आधाराने ही गावे उभी राहिली.

आता त्या दिवसाकडे वळावयाचे, ज्या दिवशी मुरबे गावाचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात लिहिले गेले. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि मुंबईची ही वार्ता आगगाडीच्या मार्गाने पालघरच्या किनाऱ्यावर पोहोचावयास विलंब लागला नाही. ऑगस्ट म्हणजे पावसाळा. समुद्र खवळलेला, होड्या ओढून ठेवलेल्या, नारळी पौर्णिमेची वाट पाहत गाव घरी बसलेले. 14 ऑगस्ट रोजी सातपाटी, नांदगाव, मुरबे आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांचा मोठा मोर्चा पालघरच्या कचेरीवर गेला. शेकडो वर्षे ज्या कचेरीतून फर्माने, नोटिसा आणि सारावसुलीचे तगादे किनाऱ्याकडे येत आले, तिच्याकडे किनारा स्वतः चालत निघाल्याचा असा दुसरा प्रसंग त्यापूर्वीच्या इतिहासात सहसा आढळावयाचा नाही. पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, आणि त्यांच्यासमवेत रामप्रसाद भीमाशंकर तिवारी व सुकुर गोविंद मोरे असे पाच जण हुतात्मे झाले. या नावांकडे नीट पाहिले तर लक्षात येते की त्यांत कोळी आहे तसा वाडवळ आहे, किनाऱ्याचा आहे तसा परप्रांतीय वंशाचाही आहे. एका तालुक्याचे सारे समाजजीवन त्या पाच नावांत एकत्र आले. पालघरात त्यांच्या स्मरणार्थ उभ्या असलेल्या स्तंभाचा चौक लोक पाचबत्ती म्हणून ओळखतात, आणि दरवर्षी 14 ऑगस्टला, देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावोगावचे लोक तेथे वंदनास जमतात.

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरच्या कोटांची जागा निराळ्या वास्तूंनी घेतली. मुरब्याच्या उत्तरेस तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र उभे राहिले आणि 28 ऑक्टोबर 1969 रोजी त्याची वीज व्यापारी तत्त्वावर वाहू लागली. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. 1970 च्या दशकात बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत वाढली आणि रंग, रसायने, औषधे व पोलाद यांच्या कारखान्यांनी तालुक्यास रोजगार दिला, तो कमी लेखण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरील घरांतील मुलेही त्या कारखान्यांत लागली. परंतु त्या वसाहतीचे सांडपाणी जावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा समुद्राच्याच दिशेने शोधण्यात आले, आणि किनाऱ्यावरील नवापूर गावच्या समुद्राबरोबर आसपासच्या खाड्याही नासत गेल्या. ज्या खाडीत बायका ओहोटीच्या वेळी हाताने चिंबोऱ्या, निवट्या वेचीत, तेथे मासळी दिसेनाशी झाली. 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागितली, आणि 2022 मध्ये लवादाने प्रदूषणास जबाबदार धरलेल्या कारखान्यांवर पर्यावरणीय भरपाई बसविली. जातपंचायतीची परंपरा सांगणारा एक समाज कायद्याची भाषा शिकून लवादापुढे उभा राहतो, ही घटना पाचबत्तीच्या घटनेइतकी नाट्यमय नाही. तिचे गोत्र मात्र तेच आहे.

समुद्र पूर्णतः रिता झालेला नाही, हे 2021 च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस दिसून आले. मासेमारीबंदी उठल्यावर प्रथमच दर्यात गेलेल्या मुरब्याच्या एका नौकेच्या जाळ्यात एका खेपेस 157 घोळ मासे आले आणि लिलावात त्यांस 1 कोटी 33 लाख रुपये मिळाले. घोळीचे मांस खावयास रुचकर असले तरी ही किंमत मांसाची नव्हे. तिच्या पोटातील हवेच्या पिशवीला, जिला कोळी बोत म्हणतात, पूर्व आशियाच्या बाजारात औषधासाठी फार मोठा भाव येतो. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी नवलाची म्हणून छापली. गावातील जाणत्यांनी मात्र तिच्यात एक जुनी आठवण पाहिली, कारण घोळ ही एके काळी या किनाऱ्याजवळची ओळखीची मासळी होती, आणि आता ती गाठावयास नौका दूर खोल समुद्रात न्यावी लागते.

आणि आज त्याच पाण्यावर दोन बंदरांच्या योजना उभ्या आहेत. उत्तरेस डहाणू तालुक्यात वाढवण येथे सुमारे 76,220 कोटी रुपयांच्या बंदरास केंद्राने मान्यता दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. येथे खुद्द मुरबे गावाच्या किनाऱ्यावर जेएसडब्ल्यू समूहाचे सुमारे 4,259 कोटी रुपयांचे बंदर योजिले असून त्यास राज्य शासनाने मंजुरी दिली आहे. या योजनांच्या बाजूने सांगावयाचे ते थोडे नाही. जवाहरलाल नेहरू बंदराचा भार, खोल पाण्याची उपलब्धता, रेल्वे व महामार्गाचे सान्निध्य, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी जन्मलेल्या एका तरुण जिल्ह्यास लागणारे उत्पन्न, या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु डोलीचे खुंट जेथे रोवलेले आहेत ती जागा कोणत्याही सात-बारावर नसते. जाळ्याची वहिवाट पिढ्यांची असली तरी तिचा उतारा तलाठ्याकडे मिळत नाही. समुद्र बुजवून धक्का बांधावयाचा ठरला तर जमिनीच्या मालकास मोबदला देण्याची रीत आहे, पाण्यावर जगणाऱ्याचे नुकसान मोजावयाचे कसे, हा मात्र अवघड प्रश्न आहे. मुरबे, सातपाटी आणि शेजारच्या गावांतील मच्छीमारांचा विरोध मुख्यत्वे या मुद्द्यावर आहे, आणि त्यास केवळ भावनेचा उद्रेक म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल.

इतिहासाच्या अभ्यासकास या वादात निर्णय देण्याचा अधिकार नाही. परंतु एक फरक नोंदविण्याचा अधिकार निश्चित आहे. सुगतिपाने बंदरे घेतली तेव्हा, बहादूरशहाने मुलूख लिहून दिला तेव्हा, चिमाजीअप्पांनी कोट सर केले तेव्हा, इंग्रजांनी रान राखीव केले तेव्हा, इतकेच काय, स्वतंत्र भारताने तारापुरास अणुभट्टी उभारली तेव्हाही, खाडीकाठच्या गावास काय वाटते हे विचारणे कोणत्याही शासकावर बंधनकारक नव्हते. आता ते आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पास परवानगी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि 2025 मध्ये मुरबे बंदराच्या सुनावणीस किनाऱ्यावरील लोकांनी मोठ्या संख्येने हजर राहून आपला विरोध नोंदविला. ज्या सरकारी दप्तरात या गावाची ओळख शतकानुशतके सारा, जकात आणि दंड एवढ्याच रकान्यांत होती, त्यात त्याचे स्वतःचे म्हणणे त्याच्याच शब्दांत दाखल झाले. हा हक्क कोणी उदारपणे बहाल केलेला नाही. 1942 साली कचेरीकडे चालत गेलेल्या माणसांनी ज्या राज्यव्यवस्थेसाठी प्राण दिले, तिच्यातून तो आलेला आहे. म्हणून बंदर होवो अथवा न होवो, त्या म्हणण्यास लेखी आणि सकारण उत्तर देणे हे त्या व्यवस्थेचे देणे आहे, आणि ते मागत राहणे हे गावाचे कर्तव्य.